वाचक विचारतात : डेटिंग ॲप, व्हिडिओ चॅट आणि आपली ओळख

या अंकात फुकटच्या डेटिंग आणि व्हिडिओ चॅट ॲपबद्दल आलेले प्रश्न घेतले आहेत. वाचकांची नावं छापलेली नाहीत. गावंही काढून फक्त जिल्हा ठेवला आहे, कारण आपल्याकडे गाव, वय आणि धंदा एवढं सांगितलं तरी माणूस कोण ते पारावर बसलेल्यांना लगेच कळतं.

प्रश्न (जालना) : इन्स्टाग्रामवर अनोळखी मुलीची रिक्वेस्ट आली. दोन दिवस गप्पा झाल्या, मग तिनं व्हॉट्सॲप नंबर घेऊन रात्री व्हिडिओ कॉल केला. कॉल मिनिटभरच चालला. लगेच माझाच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आणि माझ्या फॉलोअर्सच्या यादीचे स्क्रीनशॉट आले. घाबरून ५,००० रुपये फोनपेवर पाठवले. आता २०,००० मागतायत. शिवाय ‘क्राइम ब्रँचचा अधिकारी’ म्हणून एक जण फोन करून अटकेची भीती घालतोय. घरी वडील आणि मोठा भाऊ आहेत. काय करू?

उत्तर : आता एकही रुपया पाठवू नका. पैसे दिले की प्रकरण मिटेल असं वाटतं, पण पहिल्या ५,००० वरून त्यांना एवढंच कळलं की हा माणूस देतो. म्हणूनच दुसरी मागणी चौपट आली. ती भागवलीत तर तिसरी येईल.

समोर मुलगी नव्हतीच. आधीच तयार असलेला व्हिडिओ दुसऱ्या स्क्रीनवर चालवून कॅमेऱ्यात दाखवतात आणि इकडे तुमचं रेकॉर्डिंग होतं. चेहरा नीट दिसेल असे दहा-पंधरा सेकंद त्यांना पुरतात. तुम्ही कपडे काढले नसतील तरी चेहरा दुसऱ्या अंगावर चिकटवतात. पण त्यांचा खरा जोर त्या व्हिडिओत नाही, फॉलोअर्सच्या यादीत आहे. कुणाला पाठवायचं हेच माहीत नसेल तर तो व्हिडिओ त्यांच्या काही कामाचा नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांतही आम्ही हेच पुन्हा सांगणार आहोत : आपला चेहरा आणि आपल्या माणसांची यादी एकाच अनोळखी हातात जाऊ द्यायची नाही.

तो ‘अधिकारी’ त्याच टोळीतला आहे. थोड्या वेळानं तो ‘यूट्यूबच्या माणसाचा’ नंबर देईल आणि व्हिडिओ काढून टाकायची फी सांगेल. यूट्यूब कुणाला असा फोन करत नाही आणि ‘डिजिटल अरेस्ट’ (फोनवरूनच अटक) नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. इंटरनेटवर ‘व्हिडिओ डिलीट करून देतो’ म्हणणारे सायबर तज्ज्ञही भेटतील. त्यांनाही पैसे देऊ नका.

आता क्रम नीट पाळा : आधी पुरावा, मग ब्लॉक. घाईनं आधी ब्लॉक केलं किंवा चॅट पुसलं तर पोलिसांना द्यायला हातात काही राहत नाही. इन्स्टाग्रामवरच्या त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. व्हॉट्सॲपच्या त्या चॅटमध्ये तीन टिंबांवर जाऊन ‘एक्सपोर्ट चॅट’ करा. धमकीचे मेसेज, कॉलची वेळ, नंबर आणि पैसे गेले तो यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढा. एवढं झालं की रिपोर्ट करून ब्लॉक करा आणि उत्तर देणं पूर्ण बंद. विनवण्या करू नका, शिव्याही देऊ नका. दोन्हींतून त्यांना कळतं की तुम्ही अजून फोन हातात धरून बसला आहात.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. फोनपेच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडला की यूटीआर नावाचा १२ आकडी क्रमांक दिसतो. तो, रक्कम, तारीख-वेळ आणि आपल्या बँकेचं नाव कागदावर लिहूनच फोन करा. लाइन लागत नसेल तर तेवढ्यात सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला घ्या. घाई यासाठी की गेलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत, दोन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघतात. त्याआधी तक्रार पोचली तर बँक उरलेली रक्कम गोठवते. ती परत मिळवण्याचा रस्ता पुढे पोलीस आणि न्यायालयातून जातो, म्हणून तक्रारीचा पावती क्रमांक जपून ठेवा.

लेखी तक्रारही द्या. सायबर पोलीस ठाणं जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, त्यामुळे गावच्या चौकीतून तुम्हाला पुढे पाठवतील. पण ‘आमच्या हद्दीतला गुन्हा नाही’ हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ आहे, आणि तोतयेगिरीनं फसवलं यासाठी आयटी कायद्याचं ६६-डी. व्हिडिओ खरोखर कुणाला पाठवलाच तर ६७-ए लागतं, त्यात पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. या प्रकरणात फिर्यादी तुम्ही आहात, आरोपी नाही. हे स्वतःला दहादा सांगा.

आणि ठाण्यात जायच्या आधी मोठ्या भावाला सांगा. हे सगळ्यांत अवघड वाटेल, पण सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो. घरच्याला कळेल या एकाच भीतीवर हा धंदा चालतो. भावाला तुमच्याच तोंडून कळलं की त्यांच्याकडे उरतं काय? जवळच्या माणसांना एवढा मेसेज पुरेसा आहे : ‘माझ्या नावानं एखादा घाणेरडा व्हिडिओ आला तर उघडू नका, पुढे पाठवू नका, नंबर ब्लॉक करा. पोलिसांत तक्रार दिली आहे.’ इन्स्टाग्राम काही दिवसांसाठी डिॲक्टिव्हेट करा. फेसबुक असेल तर मित्रयादी ‘ओन्ली मी’ करून टाका. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा, कारण आठवडाभर नवनव्या नंबरवरून फोन येत राहतील. बरेचदा उत्तर मिळेनासं झालं की टोळी दुसरं गिऱ्हाईक शोधते. कुणालाच पाठवणार नाहीत अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. म्हणून तर तो मेसेज आधी जायला हवा.

रात्री झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. लाजू नका, लावा.

प्रश्न (लातूर) : मी शिकायला शहरात राहते. डेटिंग ॲपवर प्रोफाइल करायचं आहे, पण गावाकडच्यांना किंवा क्लासमधल्यांना कळायला नको. खोटं नाव टाकलं की पुरतं का?

उत्तर : नाव हा सगळ्यांत छोटा भाग आहे. ओळख पटते ती फोटोतून आणि फोन नंबरातून.

आधी फोटो. व्हॉट्सॲपच्या डीपीला किंवा इन्स्टाग्रामवर कधीही न टाकलेला फोटो वापरा. जुना फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर तो जिथे जिथे असेल ती पानं निघू शकतात. मग फोटोची पाठीमागची बाजू बघा : क्लासचा बोर्ड, गळ्यातलं ओळखपत्र, गावची कमान, होस्टेलचं गेट, गाडीची पाटी. एमएच २४ दिसलं की लातूर, एमएच ५५ दिसलं की उदगीर, हे कुणीही सांगेल. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो जिथे काढला ती जागाही फाइलमध्ये नोंदली जाते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद गळून पडते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंदच करा.

मग नंबर. हा भाग फार जण विसरतात. तुमचा नंबर मैत्रिणीच्या कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये टाकून पाहा. पैसे पाठवायच्या आधीच बँकेतलं तुमचं नाव समोर येतं, बहुतेक वेळा आडनावासकट. आणि आपल्याकडे आडनाव कळलं की गाव, भावकी, जात, सगळं विचारत विचारत निघतं. ट्रूकॉलरवर तर मैत्रिणीनं ज्या नावानं सेव्ह केलंय तेही दिसू शकतं. त्यामुळे डेटिंगसाठी बँकेशी न जोडलेलं वेगळं सिम आणि वेगळा ईमेल ठेवा. ते जमत नसेल तर नंबर देऊच नका, ॲपमधल्याच चॅटवर आणि ॲपमधल्याच कॉलवर राहा. टेलिग्राम वापरत असाल तर प्रायव्हसीमध्ये फोन नंबर ‘नोबडी’ला दाखवायचा आणि नंबरवरून शोधण्याची मुभा ‘माय कॉन्टॅक्ट्स’पुरती ठेवायची.

ॲप कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागेल. ती नाकारा. टिंडरवर ओळखीचे नंबर आधीच ब्लॉक करायची सोय आहे आणि ते नंबर एकेक करून हातानंही घालता येतात. काका, मामा, क्लासचे सर असे दहा-पंधरा नंबर टाकून ठेवा.

राहिलं अंतर. मुंबईत ‘३ किमी’वर लाखभर माणसं असतील, पण सुट्टीत तुम्ही गावी गेलात आणि ॲप उघडलंत तर ‘३ किमी’ म्हणजे तुम्हीच. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकेशन ‘फक्त ॲप वापरताना’ एवढंच द्या आणि ‘प्रिसाइज लोकेशन’ बंद करा. अँड्रॉइड १२ पासून पुढे आणि आयफोनवर ही सोय आहे. गावी जाताना प्रोफाइल थांबवून ठेवलेलं सगळ्यांत बरं.

प्रश्न (बीड) : शेती आहे म्हणून स्थळं येत नाहीत. मोबाइलवर ‘फुकट व्हिडिओ कॉल, जवळच्या मुली’ अशा जाहिराती दिसतात. दोन ॲप घेतली. पहिले काही कॉल फुकट झाले, मग कॉइन मागायला लागलं. यात कुणी खरं असतं का?

उत्तर : समोर खरी बाई असू शकते, पण बहुतेक वेळा ती तिथं कामावर असते. अशा ॲपवर ‘होस्ट’ असतात आणि त्यांना मिनिटाच्या हिशेबानं मोबदला मिळतो. गोड बोलून कॉल लांबवणं हेच त्यांचं काम. ‘जवळची’ म्हणून दिसणारी मुलगी कुठल्या राज्यात आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. लग्नाच्या आशेनं तिथं पैसे घालू नका. तुमच्या मनातली गरज खरी आहे, आणि म्हणूनच ती असल्या जागी लुटली जाते याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

ॲप नुसतं काढून टाकून भागत नाही. सबस्क्रिप्शन घेतलं असेल तर ते ॲप काढल्यावरही चालू राहतं. प्ले स्टोअर उघडा, वर आपल्या फोटोवर टिचकी मारा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करा. मग यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ तपासा, तिथं परवानगी उरली असेल तर तीही काढा. त्यानंतर ॲपच्या सेटिंगमधून ‘डिलीट अकाउंट’ करा आणि शेवटी ॲप काढा. क्रम चुकला आणि ॲप आधी काढलं तर तुमचे फोटो आणि चॅट त्यांच्या सर्व्हरवर तसेच राहतात.

लिंकवरून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणारी फाइल) घ्यायला सांगत असतील तर अजिबात घेऊ नका. अशी फाइल कॉन्टॅक्ट, मेसेज आणि गॅलरीची परवानगी मागते. ती दिलीत की वर जालन्याच्या वाचकाला ज्या यादीचा धाक दाखवला, ती तुम्ही स्वतःच देऊन बसता. ओटीपीही मेसेजमध्येच येतात हे विसरू नका.

अनोळखी माणसाशी एकदम जोडून देणाऱ्या व्हिडिओ चॅटच्या साइटही टाळा. ऑमेगल २०२३ मध्ये बंद पडली, पण तिच्यासारख्या बऱ्याच आहेत. अशा साइटवर कॉल बहुतेक थेट दोन फोनमध्ये जोडला जातो आणि त्यामुळे समोरच्याला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता) मिळू शकतो. त्यावरून घर कळत नाही, पण कंपनी आणि साधारण शहर कळतं. ‘मी तुझा पत्ता काढला’ अशी धमकी द्यायला तेवढं त्यांना पुरतं.

प्रश्न (धाराशिव) : मी समलिंगी आहे. घरी माहीत नाही. ॲपवरून भेटायला बोलावतात, पण मारहाण करून लुटल्याच्या बातम्या वाचल्या. तक्रार केली तर मलाच पकडतील का?

उत्तर : नाही. दोन प्रौढांमधले संमतीचे संबंध हा गुन्हा नाही, सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला तसा निर्णय दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समलिंगी संबंधांवर लावलं जाणारं जुनं ३७७ कलमच नाही. ‘३७७ लावीन’ असं कुणी म्हटलं तर ती पोकळ धमकी आहे. लुटणं, कोंडून ठेवणं आणि खंडणी मागणं हे मात्र गुन्हे आहेत आणि तक्रारीत तेवढंच सांगितलं तरी चालतं.

या लुटीची एक ठराविक पद्धत आहे. एक जण ओळख वाढवतो, घाईनं आणि अंधार पडल्यावर बोलावतो, ठिकाण बायपासला, माळावर किंवा रिकाम्या खोलीत असतं. तिथं तिघं-चौघं येतात, फोन हिसकावतात, यूपीआय पिन विचारून पैसे वळवतात आणि घरी सांगायची धमकी देतात. म्हणून आदल्या दिवशी ॲपवरच व्हिडिओ कॉल करा आणि त्याला मान बाजूला वळवायला, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. चेहरा बदलणारी साधी सॉफ्टवेअर इथे अडखळतात. चांगली सॉफ्टवेअर अडखळत नाहीत, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नका. भेट दिवसा, माणसांच्या वर्दळीत, तुम्ही ठरवलेल्या जागी. ग्राइंडर या समलिंगींच्या डेटिंग ॲपवर ‘शो डिस्टन्स’ (अंतर दाखवणं) बंद करता येतं, ते आजच करा. अंतर दिसत राहिलं तर तीन वेगळ्या जागांवरून मोजून तुमची जागा बरीच अचूक काढता येते.

जाताना यूपीआयची रोजची मर्यादा १,०००-२,००० वर आणा. बँकेच्या ॲपमध्ये हे होतं. पिन द्यावाच लागला तर द्या, जीव मोलाचा आहे. तिथून सुटल्याबरोबर ११२ आणि १९३०.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : तीन महिने बोलणं झालंय, आता भेटायचं ठरतंय. मुलगी म्हणून काय बघावं?

उत्तर : कॅनॉट किंवा क्रांती चौकाच्या बाजूचं, तुमच्या माहितीतलं हॉटेल तुम्हीच निवडा, वेळ दुपारची. पहिल्या भेटीला वेरूळ, म्हैसमाळ, दौलताबाद नको. त्या जागा वाईट आहेत म्हणून नव्हे, तर परतायला त्याच्याच गाडीवर अवलंबून राहावं लागतं म्हणून. आपली स्कूटी किंवा रिक्षा हवी. मैत्रिणीला व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन द्या. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय येतात, त्यातला ८ तासांचा घ्या. किती वाजता फोन करणार ते ठरवा आणि फोन आला नाही तर तिनं काय करायचं तेही ठरवा. फोनमधला इमर्जन्सी एसओएस आधी सुरू करून पाहा. अनेक अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाच वेळा भरभर दाबलं की तो लागतो.

पाणी, चहा डोळ्यांसमोर आलेलंच घ्या. मुलांसाठीही एक : हॉटेल तिनंच हट्टानं निवडलं असेल तर बसल्याबरोबर मेनूकार्डावरचे दर बघा. मोठ्या शहरांत संगनमतानं हजारोंचं बिल लावण्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. बिलासाठी अडवलं तर ११२.

प्रश्न (नांदेड) : ज्याच्याशी संबंध होते त्याच्याकडे माझे खासगी फोटो आहेत. आता तो सगळीकडे टाकीन म्हणतो. थांबवता येईल?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही साइट २०२१ पासून याच कामासाठी आहे. तुमच्याकडे ते फोटो असतील तर ते तिथं निवडा. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त आकड्यांचा ठसा तयार होतो. तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांना जातो आणि तसा फोटो तिथं चढला तर अडवता येतो. शेवटी केस नंबर आणि पिन मिळतो, तो लिहून ठेवा, पुन्हा मिळत नाही. उणीव एक आहे : व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेलं यातून अडत नाही. वयाच्या १८ च्या आतले फोटो असतील तर ‘टेक इट डाऊन’ ही वेगळी सेवा आहे, शिवाय १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. असे फोटो पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवायचे नाहीत.

कुठे टाकलेच तर त्या ॲपवर तुमच्या स्वतःच्या नावानं तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार बाधित व्यक्तीची तक्रार आल्यापासून जास्तीत जास्त २ तासांत असा मजकूर काढणं कंपनीवर बंधनकारक आहे (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तास होती). सरकारी पोर्टलवर महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण तिचं पुढे काय झालं हे मग पाहता येत नाही. त्याला शिक्षा व्हावी असं वाटत असेल तर नावानिशी करा. आयटी कायद्यात ६६-ई आणि ६७-ए ही कलमं आहेत. फोटो तुम्ही स्वतः पाठवले होते म्हणून त्याला ते पसरवायचा हक्क मिळत नाही. ठाण्यात कुणी तसं ऐकवलं तर हे ठामपणे सांगा आणि महिला अधिकाऱ्यासमोर जबाब द्यायची मागणी करा. १८१ या महिला हेल्पलाइनवरही मदत मिळते.

प्रश्न (हिंगोली) : मावसबहिणीला लग्नाच्या साइटवर परदेशातला इंजिनिअर भेटला. त्यानं ट्रेडिंग ॲप दिलं. १०,००० लावले तर १,२०० नफा खात्यात आला, म्हणून तिनं सव्वादोन लाख घातले. आता काढायला आधी ३० टक्के टॅक्स भरा म्हणतोय.

उत्तर : टॅक्स भरू नका. नफ्यावरचा कर आपण स्वतः आयकर खात्याकडे भरतो, ॲपवाल्याच्या खात्यात नाही. ॲपमध्ये दिसणारी रक्कम हे नुसते स्क्रीनवरचे आकडे आहेत, आणि ते १,२०० विश्वास बसावा म्हणून दिले होते. पैसे कोणत्या नावावर गेले ते बघा. दर वेळी वेगळं खातं, नावात ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायझेस’ असेल तर ती भाड्यानं घेतलेली खाती असतात.

त्याला जाब विचारायला जाऊ नका. संशय आला की तो ॲप बंद करेल आणि चॅट पुसेल. ‘टॅक्सची सोय करतेय, दोन दिवस दे’ असं म्हणून तेवढ्यात सगळ्या व्यवहारांचे यूटीआर, ॲपचे स्क्रीनशॉट आणि चॅट काढून घ्या, आणि आजच्या आज १९३० ला फोन करा. आधारचा फोटो त्याला दिला असेल तर दूरसंचार खात्याच्या संचारसाथी पोर्टलवर तिच्या नावानं कुठली सिम चालू आहेत ते तपासा आणि अनोळखी दिसेल ते तिथूनच बंद करायला सांगा.